पत्त्याची शेपटी आणि गुगलचा क्रम: महाड-पोलादपुरातून पाहताना

महाडच्या माणसाला विजेचं बिल भरायचं असेल तर तो महावितरणच्या संकेतस्थळावर जातो. तो पत्ता संपतो ‘डॉट इन’वर. एसटीचं आरक्षण करायचं तर महामंडळाचा आरक्षणाचा पत्ता ‘डॉट कॉम’. वीर स्टेशनवर गाडी किती उशिरा येतेय हे बघायला कोकण रेल्वेचं संकेतस्थळ, तेही ‘डॉट कॉम’. पण त्याच गाडीचं तिकीट काढायला आयआरसीटीसी, म्हणजे ‘डॉट को डॉट इन’. एमआयडीसीतल्या भूखंडाची चौकशी वर्षानुवर्षं ‘डॉट ऑर्ग’वर होत आली. सातबारा आणि जिल्हा प्रशासन ‘डॉट गव्ह डॉट इन’वर. साऱ्या सार्वजनिक संस्था, साऱ्यांचा कारभार याच राज्यातला किंवा देशातला, आणि पत्त्यांना शेपट्या मात्र पाच प्रकारच्या. यातल्या कुठल्याही संस्थेचं नाव गुगलमध्ये टाका, ती वरच्या ओळींतच सापडते. कोकण रेल्वेला ‘गव्ह’ नाही म्हणून ती खाली गेली, असं कुणी पाहिलेलं नाही.

हा पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो, तरी महाडच्या बाजारपेठेत, बिरवाडीच्या कारखानदारीत किंवा पाचाडच्या घरगुती निवासांत वेबसाइटचा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच येतो: डॉट कॉम घेऊ की डॉट इन? वेबसाइट करून देणाऱ्यांची उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो, डॉट कॉमशिवाय गुगल विचारत नाही. दुसरा म्हणतो, इंडियात धंदा करायचा तर डॉट इनच वर येतं. तिसऱ्याकडे ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट शॉप’ स्वस्तात असतं, आणि गुगलला नवी एक्स्टेन्शन आवडतात अशी त्याची खात्री असते. तिघेही विकायला बसलेत, हे लक्षात ठेवून या दाव्यांचा आढावा घ्यायला हवा.

डोमेनच्या शेवटच्या तुकड्याची सोय मुळात यादी लावण्यासाठी झाली. १९८५ च्या सुमारास कॉम, ऑर्ग, नेट, एज्यु, गव्ह, मिल अशी मोजकी नावं ठरली: व्यापाऱ्यांसाठी एक, शिक्षणसंस्थांसाठी एक, अमेरिकी सरकारसाठी एक. देशांना दोन अक्षरी खुणा मिळाल्या, आणि भारताची ‘इन’ ही खूण ८ मे १९८९ ला नोंदली गेली. पुढची पंधरा वर्षं ती जवळपास कुलूपबंद होती. नियम कडक, कागदपत्रं भरपूर, त्यामुळे सगळी मिळून काही हजार नावं. २००५ मध्ये कारभार निक्सी या संस्थेकडे आला, नियम सैल झाले, आणि आज डॉट इनवरची नावं ४० लाखांच्या पुढे आहेत. एकट्या डॉट कॉमवर १५ कोटींहून जास्त आहेत. गुगल या सगळ्याच्या नंतर, १९९८ मध्ये आलं. म्हणजे ही वर्गवारी शोधयंत्रासाठी केलेली नव्हतीच. पिनकोडवरून पत्र कुठल्या टपाल कार्यालयात जायचं ते कळतं, आत काय लिहिलंय ते कळत नाही. एक्स्टेन्शनचं काम तेवढंच.

गोंधळ वाढला तो २०१२ नंतर. डोमेन व्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, आणि तरी १,९३० अर्ज आले. २०१३ च्या अखेरीपासून ‘न्यूज’, ‘शॉप’, ‘ऑनलाइन’, ‘लंडन’ अशा शेपट्या बाजारात उतरू लागल्या आणि त्यांच्याबरोबर विक्रीची भाषाही: तुमच्या धंद्याचा शब्द पत्त्यातच असेल तर गुगल तुम्हाला वर नेईल. गुगलमध्ये शोधनिकालांच्या दर्जाचं काम पाहणारे मॅट कट्स यांनी मार्च २०१२ मध्येच हे खोडून काढलं होतं. जुलै २०१५ मध्ये गुगलने अधिकृत खुलासा केला. नव्या एक्स्टेन्शनना डॉट कॉमसारखंच वागवलं जातं. शेपटीतल्या शब्दाचा फायदा नाही आणि तोटाही नाही. शहरांच्या नावाच्या शेपट्यांनाही वेगळी वागणूक नाही. देवनागरी किंवा अन्य लिप्यांतल्या पत्त्यांना कमी लेखलं जात नाही. आणि आहे त्या पत्त्यावरून नव्या एक्स्टेन्शनवर गेल्याने कुणी वर चढत नाही. दहा वर्षांनंतरही यातलं मुख्य विधान बदललेलं नाही. बिंग या दुसऱ्या शोधयंत्राचा मुद्दा लांबवण्यासारखा नाही. तिथेही देश ओळखण्यापलीकडे शेपटीला फारसं काम नाही.

मग समज टिकला कसा? कारण डोळ्यांना उलटं दिसतं. कुठल्याही विषयावर शोधा, पहिल्या पानावर डॉट कॉमची गर्दी असते. पण डॉट कॉमची संकेतस्थळंच जास्त, जुनीही तीच, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवणारे दुवेही तिकडेच साचलेले. डॉट ऑर्गचंही तसंच. महाडच्या सत्याग्रहाविषयी, म्हणजे २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं त्या घटनेविषयी शोधलं की विकिपीडिया वर येतो, आणि त्याच्या पत्त्यात डॉट ऑर्ग असतं. त्यावरून एखादी संस्था ठरवते की आपणही डॉट ऑर्ग घेऊ, म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये लोक शोधतील तेव्हा आपण दिसू. विकिपीडिया सुरुवातीला डॉट कॉमवर होता, २००२ मध्ये तो डॉट ऑर्गवर गेला. त्याच्या मोठेपणाचा त्या बदलाशी काही संबंध नाही. तो वर येतो कारण त्या पानावर तारखा आहेत, संदर्भ आहेत, आणि हजारो ठिकाणांहून लोक त्याकडे वळतात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला, त्यात सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता, नंतर २५ डिसेंबर १९२७ ला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं. हा क्रम नीट, सविस्तर, मराठीत सांगणारं पान जो लिहील, त्याची शेपटी कुठलीही असली तरी त्याला जागा आहे. स्थानिक संस्थांनी एक्स्टेन्शनवर खर्च केलेला वेळ या लिखाणावर घालवला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

मराठीतलं याहून ठळक उदाहरण वर्तमानपत्रांचं आहे. ‘लोकसत्ता’ आणि ‘लोकमत’ डॉट कॉमवर आहेत, ‘सकाळ’ ‘ई-सकाळ’ या नावाने डॉट कॉमवर. ‘पुढारी’ मात्र ‘डॉट न्यूज’ या नव्या शेपटीवर आहे. कशेडी घाटात वाहतूक तुंबली किंवा सावित्री नदीच्या पाण्याने इशारापातळी ओलांडली की बातम्यांच्या रांगेत ही सगळी एकमेकांच्या मागेपुढे दिसतात. ज्याची बातमी आधी आणि भरीव, तो पुढे. ‘न्यूज’ हा शब्द पत्त्यात आहे म्हणून ‘पुढारी’ कायम वर, असं होत नाही. अनोळखी शेपटी म्हणून तो मागे पडतो, असंही नाही.

एका बाबतीत मात्र एक्स्टेन्शनला खरंच अर्थ आहे, आणि ती बाब म्हणजे देश. डॉट इन पाहिलं की गुगल समजतं, हे संकेतस्थळ मुख्यतः भारतातल्या लोकांसाठी आहे. भारतातून शोधणाऱ्याला त्याचा थोडा फायदा मिळू शकतो. सगळ्याच देशी खुणांना ही वागणूक नाही. ‘टीव्ही’ ही तुवालू बेटांची, ‘को’ कोलंबियाची, ‘आयओ’ हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची. पण जगभरचे लोक त्या वापरतात, म्हणून गुगल त्यांना देशाशी बांधत नाही. अँग्विला बेटाची ‘एआय’ही २०२३ मध्ये त्या यादीत गेली. डॉट इन मात्र भारताचीच मानली जाते.

आता हा फायदा महाडमध्ये किती उरतो ते पाहू. पोलादपूरच्या नाक्यावरच्या दोन खाणावळी एकमेकींशी स्पर्धा करतात तेव्हा दोन्ही भारतातच असतात. एकीकडे डॉट इन आणि दुसरीकडे डॉट कॉम असलं तरी पत्ता, फोन नंबर, मराठी मजकूर, आजूबाजूच्या दुव्यांवरून गुगलला दोन्हींचं ठिकाण कळतं. देशाची खूण उपयोगी पडते ती समोर परदेशी प्रतिस्पर्धी असेल तेव्हा. गंमत म्हणजे महाडला तसा प्रतिस्पर्धी आहे. रोमन लिपीत लिहिलेला ‘महाड’ अरबी ‘मआहद’शी जुळतो, आणि इंडोनेशिया-मलेशियात त्या नावाच्या धार्मिक शिक्षणसंस्था गावोगावी आहेत. त्यांना बाजूला सारायला गुगलला शोधणारा कुठे बसलाय हे पुरतं. २०१७ पासून गुगल निकाल ठरवताना आपल्याच पत्त्यातला देश न बघता माणसाचं ठिकाण बघतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ‘गुगल डॉट को डॉट इन’सारखे देशोदेशीचे पत्ते मुख्य डॉट कॉमकडे वळवण्याची घोषणाच केली. ज्या कंपनीच्या क्रमवारीसाठी आपण शेपटी निवडत बसलो, तिने स्वतःच्या देशी शेपट्या आवरत्या घेतल्या.

महाड एमआयडीसीतल्या रसायन कंपन्यांचं गणित उलटं आहे. सुदर्शन, प्रिवी, लक्ष्मी ऑरगॅनिक यांचं उत्पादन महाडला होतं, पण गिऱ्हाईक जगभर. त्यांचे पत्ते डॉट कॉम आहेत आणि ते योग्यच आहे. जर्मनीतला खरेदीदार शोधत असताना ‘हे फक्त भारतासाठी’ अशी खूण पत्त्यावर कशाला हवी? त्याच वसाहतीत पाइप, व्हॉल्व्ह, पंपदुरुस्तीचं काम करणाऱ्या छोट्या वर्कशॉपला डॉट इन पुरेसं. त्याचं गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे आहे.

पण महाडची खरी अडचण शेपटीच्या अलीकडे आहे. रायगड जिल्ह्यातच खालापूर तालुक्यात महड आहे, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं. आपलं महाड तिथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. मराठीत दोन्ही नावं वेगळी, एका कान्याचा फरक. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग तेच, आणि जिल्हाही तोच. संकष्टीला वरदविनायकाच्या दर्शनाला निघालेला पुण्याचा माणूस रोमनमध्ये ‘महाड हॉटेल’ शोधतो आणि चवदार तळ्याजवळची लॉज पाहून बुचकळ्यात पडतो. रायगडावर निघालेल्याला महडच्या भक्तनिवासाची माहिती दिसते. इथे डॉट कॉम आणि डॉट इन सारखेच निरुपयोगी.

एवढ्यावर थांबत नाही. महावितरणच्या संकेतस्थळाचं नाव ‘महाडिस्कॉम’. रोमनमध्ये त्याची पहिली पाच अक्षरं म्हणजे ‘महाड’. शिष्यवृत्ती आणि शेतकरी योजनांसाठी अख्खा महाराष्ट्र ज्या ‘महाडीबीटी’वर जातो, त्याचीही पहिली पाच तीच. ‘महादेव’ लिहितानाही वाटेत हीच पाच अक्षरं लागतात. विजेची बिलं भरणारी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारी कोट्यवधी माणसं या अक्षरांवरून पुढे जातात, तेव्हा शोधपेटी पुढचा शब्द सुचवताना सावित्रीकाठच्या एका तालुक्याच्या गावाला किती भाव देणार? जिल्ह्याच्या नावाचाही असाच घोळ. कुलाबा जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ ला रायगड झालं, पण २०११ च्या जनगणनेत इंग्रजी स्पेलिंग शेवटी ‘आरएच’ लावून आलं, म्हणजे थेट छत्तीसगडच्या रायगढसारखं. दोन्ही जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं ‘डॉट गव्ह डॉट इन’वर आहेत. शेपटी एकच, फरक आहे तो फक्त नावातल्या दोन अक्षरांचा. पोलादपूर या बाबतीत सुदैवी. त्या नावाला फारसा वाटेकरी नाही, त्यामुळे पोलादपूरवर नीट लिहिलेलं एखादं पानही चटकन वर येऊ शकतं.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पानाच्या शीर्षकात ‘महाड, जि. रायगड’ असावं, मजकुरात चवदार तळं, वीरेश्वर मंदिर, मुंबई-गोवा महामार्ग, पाचाड, गांधारपाले लेणी अशा ओळखीच्या खुणा याव्यात, आणि ४०२३०१ हा पिनकोड असावा. पोलादपूरला ४०२३०३. चित्रात लिहिलेला मजकूर शोधयंत्राच्या कामी फारसा येत नाही, आणि आपल्याकडे सगळी माहिती व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेल्या रंगीत बॅनरवर असते. तेच बॅनर वेबसाइटवर चिकटवलं की काम झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत.

देवनागरी पत्ता घेतला तर? ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांना ते चालतं, आणि महड आणि महाड तिथे दोन वेगळे पत्ते होतात. रोमनमध्ये जे अशक्य ते इथे सहज. गुगलही अशा पत्त्याला कमी लेखत नाही. अडचण दुसरीकडे आहे. हा पत्ता यंत्राच्या पोटात ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळीत बदलतो, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की कधी कधी ती अगम्य ओळच समोर येते आणि घेणारा ती फसवणुकीची लिंक समजून उडवून टाकतो. कितीतरी ऑनलाइन अर्ज असा ई-मेल पत्ता स्वीकारत नाहीत. त्यामुळे आज डॉट भारत मुख्य पत्ता करण्यापेक्षा जोडीला ठेवून मुख्य पत्त्याकडे वळवावं. मराठीचा फायदा हवा असेल तर पानावरचा मजकूर मराठीत असू द्यावा. तिथे स्पर्धा अजून विरळ आहे.

पोलादपुरात महामार्ग सोडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे वळणारा माणूस वेबसाइट शोधतच नाही. तो ‘जवळचं हॉटेल’ म्हणतो, बरेचदा बोलूनच, आणि नकाशावरच्या तीन-चार नावांतून एक निवडतो. या यादीचे निकष गुगलने स्वतः सांगितले आहेत: विचारलेल्या गोष्टीशी जुळणं, अंतर, आणि त्या ठिकाणाची प्रसिद्धी. डोमेनचा त्यात उल्लेख नाही. हॉटेलाची गुगलवरची नोंद मालकाने ताब्यात घेतलेली आहे का, वेळा बरोबर आहेत का, पावसाळ्यात बंद असतं हे लिहिलंय का, फोन लागतो का, लोकांनी अभिप्राय दिलेत का, यावर बरंच ठरतं. ६ जूनच्या आसपास शिवराज्याभिषेकासाठी रायगडाकडे गर्दी लोटते, तेव्हा पाचाड आणि हिरकणीवाडीतल्या घरगुती निवासांची शोधाशोधही अशीच नकाशावर होते. शिवाय घाटात नेटवर्क येत-जात असतं. जड फोटोंनी भरलेलं पान तिथे उघडतच नाही. पान सुरक्षित जोडणीवर आहे का हे गुगल २०१४ पासून क्रमवारीत धरतं, मोबाइलवर नीट दिसतं का हे २०१५ पासून, आणि पान किती लवकर उघडतं, स्थिर राहतं का, याचे ठरावीक निकष २०२१ पासून. एक्स्टेन्शन या यादीत कधीच आलेलं नाही. ‘डॉट अ‍ॅप’ आणि ‘डॉट डेव्ह’वर सुरक्षित जोडणी सक्तीची असते, एवढाच काय तो लांबचा संबंध.

फुकटाची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण लहान व्यावसायिकांना खरा फटका तिथे बसला आहे. २०११ मध्ये गुगलने भारतात लहान धंद्यांसाठी मोहीम काढली होती: डॉट इनचा पत्ता आणि वेबसाइट एक वर्ष मोफत. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचे पैसे भरायचे, नाहीतर पत्ता सुटायचा. पुढे नकाशावरच्या नोंदीबरोबर ‘बिझनेस डॉट साइट’ असा पत्ता असलेलं एक पानी संकेतस्थळ फुकट मिळू लागलं. मार्च २०२४ मध्ये ही सोय बंद झाली. १० जूनपर्यंत जुना पत्ता नकाशावरच्या नोंदीकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता महामार्गावरच्या फलकावर रंगवला होता, त्यांचा रंग राहिला आणि पत्ता गेला. ब्लॉगवाल्यांचंही तसंच झालं. गुगलच्या ब्लॉगस्पॉटचे पत्ते २०१२ पासून भारतात डॉट इनवर उघडू लागले, आणि लोकांनी तेच एकमेकांना पाठवले, लेखांत दिले. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नाव गुगलच्या हातून निसटलं आणि दुसऱ्याच कुणी ते घेतलं. मूळ डॉट कॉमवरचे ब्लॉग शाबूत राहिले, पण डॉट इनने दिलेले दुवे तुटले. कांगोरी, चंद्रगड, लिंगाणा यांच्या वाटांवर मराठी भटक्यांनी ब्लॉगस्पॉटवर किती लिहिलंय हे गडप्रेमींना ठाऊक आहे. शोधात वर येण्यात दुव्यांचा मोठा वाटा, आणि इथे दुवेच गेले. शेपटी कुठली यापेक्षा ती कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या खिशातून तिचं नूतनीकरण होतं, याने क्रमवारी जास्त हलते. वेबसाइट करून देणाराच डोमेन स्वतःच्या नावावर घेतो आणि भांडण झालं की पत्ता अडकवून ठेवतो, ही तक्रार तर बाजारात सर्रास ऐकू येते. दहा वर्षांची नोंदणी एकदम करता येते आणि ती करावी, पण जास्त वर्षांची नोंदणी असली की गुगल वर नेतं ही अफवा त्यासोबत विकत घेऊ नये.

स्वस्त शेपट्यांबद्दल थोडं सावध राहायला हवं. ‘डॉट टीके’, ‘डॉट एमएल’ अशी नावं फ्रीनॉम नावाची कंपनी वर्षानुवर्षं फुकट वाटत होती. फसवणाऱ्यांनी त्यांचा इतका वापर केला की मेटाने कंपनीवर खटला भरला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि २०२४ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडला. कुठलीही शेपटी वाईट म्हणून गुगल सरसकट खाली ढकलत नाही, पण जिथे कचराच फार तिथे चांगल्या पानाला आपली बाजू सिद्ध करायला वेळ लागतो, असं गुगलच्या जॉन म्युलर यांनीही सुचवलं आहे. पहिल्या वर्षी शंभर रुपयांत मिळणारं नाव दुसऱ्या वर्षी हजारांत जातं, हा आणखी एक भाग.

आणि माणसाचा विश्वास. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गुगलचे पांडू नायक यांनी साक्ष दिली की ‘नेव्हबूस्ट’ नावाची यंत्रणा लोकांच्या मागच्या तेरा महिन्यांच्या क्लिकचा उपयोग करते. याचा अर्थ लावताना फार ताणू नये. तरीही, यादीत दोन पत्ते दिसले आणि अनोळखी शेपटी बघून लोकांनी बोट वळवलं, तर त्याचा परिणाम कुठेतरी पोचत असणार, हा तर्क गैर नाही. शेपटी क्रमवारीला स्पर्श करत असेल तर ती अशी, माणसाच्या बोटातून.

विश्वासाच्याच कारणाने बँकांचं प्रकरण वेगळं ठरतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ची घोषणा केली, २२ एप्रिलच्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, आणि नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवलं. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात येतात, म्हणजे महाडची अण्णासाहेब सावंत को-ऑप. अर्बन बँक आली आणि अलिबागची रायगड जिल्हा मध्यवर्तीही आली. ही शेपटी कुणालाही विकत मिळत नाही. मोल तिच्या दारावरच्या तपासणीत आहे. ‘गव्ह’ची पतही तशीच आलेली. पण दार राखलेलं असूनही भिंतीला भोकं पडतात: अलीकडच्या काळात अनेक सरकारी संकेतस्थळांच्या पोटात सट्ट्याच्या जाहिरातींची पानं घुसवलेली सापडली, आणि सरकारी पत्त्याची पत वापरून ती शोधात वर येत होती.

बँकेचा पत्ता बदलला तर शोधात काय होतं? जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचं वळण लावलं तर काही आठवडे चढउतार होतात आणि जागा परत मिळते. वळण फक्त मुख्य पानाला लावलं तर ठेवींचे दर, शाखांचे पत्ते, अर्जांचे नमुने शोधणारे कोऱ्या पानावर आपटतात. सर्वांत धोक्याचं म्हणजे बदल झाला म्हणून जुन्या डोमेनचं नूतनीकरण सोडून देणं. पासबुकांवर, जुन्या पावत्यांवर, गुगलच्या नकाशावर तो पत्ता अजून असतो, आणि सुटलेलं नाव कुणीही घेऊन हुबेहूब लॉगिनचं पान उभं करू शकतो. जुन्या डोमेनचा वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आसपास असतो; संचालक मंडळाच्या सभेत पुढच्या काही वर्षांत कुणी ‘हे कशाचं बिल?’ असं विचारलं, तर सचिवांकडे उत्तर तयार हवं.